बाबगोंडांची बोलपेटी

"तासाभराचं काम आहे बाई, चहा निवायच्या आत जाते बघा," असं रुबिना नदाफने फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर दोनदा चहा झाला, दोन्ही वेळा कपातच निवला, आणि पेटी अजून जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडली होती.

पद्माताई बिरनाळे भिंतीला टेकून बसल्या होत्या. झोप कधी पुरी होत नसे. नवऱ्याची कूस बदलायला रात्रीत उठावं लागे, आणि एकदा उठलं की पहाटेपर्यंत डोळा लागत नसे. इचलकरंजीच्या नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं. सत्तर मुलांच्या वर्गात त्या कधी दमल्या नाहीत, आणि आता एका माणसाच्या घरात दमत होत्या. रुबिना त्यांच्याच हाताखालून गेलेली. पेटी बनवणाऱ्या कंपनीत ती आता दुरुस्तीचं काम करायची, पण पद्माताईंसमोर स्क्रू काढतानाही फळ्यावर गणित सोडवायला उभी केल्यासारखी ताठ उभी राहायची.

"बस गं. आता काही मी छडी घेऊन येत नाही."

"सवय जात न्हाई ओ बाई," रुबिना म्हणाली आणि उभीच राहिली.

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बाबगोंडा बसले होते. एकेकाळचे नावाजलेले जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो ताळ्यावर आणणारा मिस्त्री. मागाच्या खडखडाटात उभं राहून नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, कुठला माग आजारी आहे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, जीभ गेली, घसा गेला. डोकं शाबूत राहिलं, आणि डाव्या हाताचा अंगठा न् दोन बोटं.

मग ही पेटी आली. गावात तिला बोलपेटी म्हणत. तिची युक्ती समजायला सोपी आहे. आपण 'पाणी' म्हणायचं मनात आणतो तेव्हा मेंदूतून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतो. जीभ हलो न हलो, हुकूम सुटतोच. जिथून तो सुटतो तिथे कवटीखाली डॉक्टर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवतात. जाळी हुकूम टिपते आणि कानामागच्या चकतीला देते. चकतीतून एक बारीक तार पेटीत जाते, आणि पेटी तो शब्द मोठ्याने उच्चारते. आवाज त्या माणसाचाच. बाबगोंडांचा आवाज मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओतून उचलला होता, म्हणून पेटी बोलली की ते कुणाला तरी पंगतीत आग्रह करतायत असं वाटायचं.

अडचण एकच होती. हा हुकूम फार क्षीण असतो. मागांच्या शेडमध्ये कुणी कानाशी कुजबुजावं, तसा. पाच शब्दांतले दोन कळतात. उरलेले तीन पेटी अंदाजाने भरते. समोरच्याने काय विचारलं, काल काय बोलणं झालं, अशा वेळी माणसं साधारण काय म्हणतात, हे सगळं ती ध्यानात ठेवते. कविता म्हणताना मूल अडखळलं की बाई पुढचा शब्द पुरवतात, तसंच. आणि पुरवायची सवय लागली की मूल पहिला शब्द म्हणून गप्प उभं राहतं आणि कविता बाईच म्हणतात, हे पद्माताईंइतकं कुणाला माहीत होतं? पेटीच्या बाबतीत मात्र ते कधी त्यांच्या मनात आलं नाही.

त्यांना ती पेटी म्हणजे देवच पावल्यासारखी झाली होती. सुरुवातीचे महिने कठीण गेले. बाबगोंडा आधीच अबोल, त्यात एकेक शब्द काढायला कपाळाला घाम यायचा. पण दिवाळीपासून ते मोकळे झाले. सकाळी उठल्यावर "झोप लागली का पद्मा?" म्हणू लागले. भाजी छान झाली म्हणू लागले. उभ्या जन्मात जे म्हटलं नव्हतं ते म्हणू लागले. पद्माताई शेजारणींना सांगायच्या, "आजारपणानं माणूस कडवट होतो म्हणतात, आमचे हे गोड झाले." बंगळूरला असलेली मुलगी रविवारी फोनवर बापाशी अर्धा अर्धा तास बोलायची आणि फोन ठेवताना रडायची.

आता कंपनीने कळवलं होतं की पेटीतली जुनी ऑपरेटिंग सिस्टिम महिनाअखेरीला बंद होणार. नवी घालून घ्या.

"आधी जुनी पुसायची, मग नवी घालायची," रुबिनाने सकाळी सांगितलं होतं. जुनी पुसून झाली. नवी आत जाईना. कधी पाव वाट चालून थांबे, कधी अर्धी, कधी सुरुवातीलाच पडदा काळा.

"बाई, खोडरबर आहे का?"

पद्माताईंच्या घरात खोडरबर नसेल तर कुठे असणार? रुबिनाने पेटीतल्या स्मरणपट्ट्या, म्हणजे रॅम, उपसल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, फुंकर मारली आणि एकच पट्टी परत बसवली.

"दोन्ही लाव की."

"न्हाई बाई. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर कशानं झालं कळत न्हाई. तुम्हीच शिकवलंय. ते हरभऱ्याचे कोंब आणायचो की, एक उन्हात, एक कपाटात."

पद्माताईंना हसू आलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत का? हरभरे कामाला आले." बाबगोंडांनी डोळे मिटले. पेटी बंद असली की त्यांचा होकार असा असायचा. डोळे मिटले म्हणजे हो, उघडे ठेवले म्हणजे नाही.

पट्ट्या बदलून झाल्या. पेटीतला पंखा पुसून झाला. पेटी तरीही मध्येच मरत होती. तेवढ्यात पलीकडच्या शेडमध्ये दुपारच्या सुट्टीनंतरचे माग एकदम सुरू झाले, आणि घरातला दिवा क्षणभर पिवळा पडला. रुबिनाने वर पाहिलं.

"व्होल्टेज खाली बसतंय. पट्ट्यांना उगीच बोल लावला." तिने पिशवीतून स्वतःची बॅटरी काढली आणि पेटी तिच्यावर जोडली. "आता बघा. जागा बदलून बदलून थांबत असलं, तर वीज न्हाईतर पट्टी. दर वेळेला एकाच जागी थांबत असलं, तर ते मरत न्हाई, काहीतरी मागतंय."

नवी सिस्टिम आता सरळ चालू लागली. पाव वाट गेली, अर्धी गेली, आणि शेवटाकडे येऊन थांबली. रुबिनाने परत सुरू केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच.

"मागतंय," रुबिना म्हणाली आणि पडद्यावरची ओळ वाचू लागली. "जाळी सापडत न्हाई म्हणतंय. चकती लावा बाई त्यांच्या कानामागं. तार जोडते मी."

चकती लावली, तारेची पिन पेटीत बसवली. पडद्यावर जाळीच्या खुणेच्या रेघा उमटायला हव्या होत्या. एक सपाट रेघ आली. मारुतीच्या देवळापुढच्या फरशीसारखी सपाट.

"अण्णा, काहीतरी बोला मनात," रुबिना म्हणाली. बाबगोंडा तिच्याकडे पाहत राहिले. रेघ हलली नाही.

"असं कसं?" पद्माताई म्हणाल्या. "आज सकाळी बोललेत ते. गोळी घेतलीस का म्हणून विचारलं मला."

रुबिनाने पडद्यावरची सपाट रेघ पुन्हा पाहिली. मग हळूच म्हणाली, "नवी सिस्टिम का काढली सांगू? पुष्कळ ठिकाणाहून तक्रारी आल्यात. जुनी होती ना, तिला खुणा कमी मिळाल्या की ती अंदाज वाढवायची. खुणा अजिबात न्हाई आल्या, तरी तोंड बंद ठेवायची न्हाई. तुमचं बोलणं तिला ऐकू येतंयच. तेवढ्यावर सगळं वाक्य स्वतःच रचायची. म्हणून नवी आधी एकेक भाग तपासती. जाळीकडून जिवंत खूण आली न्हाई, तर आत बसतच न्हाई."

"म्हणजे?"

रुबिना पिनेपासून तार चाचपत मागे जाऊ लागली. पेटी खुर्चीच्या डाव्या हाताला अडकवलेल्या कापडी पिशवीत राहायची. पिशवी पद्माताईंनीच शिवलेली. तारेचा जादा गुंडाळा तिच्या तळाशी पडलेला असे आणि त्याला कुणी हात लावत नसे. आंघोळीला फक्त कानामागची चकती काढायची. रुबिनाने गुंडाळा बाहेर काढला, उलगडला आणि थांबली.

"तार तुटलीय बाई. आणि कुणीतरी गाठ मारलीय."

पद्माताईंनी चष्मा लावला. तार मधोमध तुटली होती, आणि दोन टोकं एका बारीक, चपट्या गाठीत बसवली होती. ओढली तर आणखी आवळणारी, बोटाला न लागणारी गाठ. मागावर उभा धागा तुटला की विणकर ही मारतो. एका हाताने मारतो, कारण दुसरा हात मागावर असतो. फणीतून सुळकन जाते, आणि कापड पुढे सरकतं. या घरात ती गाठ मारणारा माणूस एकच होता.

धागा गाठीने जोडला जातो. तारेचं तसं नसतं. तिचं आतलं तांबं तांब्याला टेकावं लागतं, आणि वरून रबर असलं की कितीही सुबक गाठ मारा, वीज पलीकडे जात नाही.

दिवाळीला मुलगी-जावई आले होते. खुर्ची उंबऱ्यावरून ओढताना पिशवी दाराच्या कडीत अडकली होती, आणि जावई म्हणाला होता, "काही नाही, काही नाही, सगळं ठीक आहे."

दिवाळीपासून बाबगोंडा मोकळे झाले होते.

पद्माताई खाली बसल्या. त्यांना एक एक आठवू लागलं. बिरनाळ्यांच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी खात नाही. बाबगोंडा लहानपणापासून हा नेम पाळत आलेले. शेडमध्ये कामावर असतानाही सूर्य बुडाल्यावर त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला नव्हता. आणि पौषात एका संध्याकाळी, दिवे लागून गेल्यावर, पेटी म्हणाली होती, "भूक लागली. काहीतरी गरम कर." आजारी माणसाचा नेम कुठला, असं मनाला समजावून त्यांनी मऊ उपीट केलं. बाबगोंडांनी ओठ घट्ट मिटले, मान फिरवली. "लहान मुलासारखं करू नका," म्हणत त्यांनी चमचा आत सारला होता. आणि पेटी म्हणाली होती, "चव छान झालीय, पद्मा."

पद्मा. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत बाबगोंडांनी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती.

"तुम्ही काहीच बोलत नव्हतात," पद्माताई म्हणाल्या. "दिवाळीपासून काहीच नाही?"

बाबगोंडांनी डोळे मिटले.

मग रुबिनाने पिशवीतून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"बाई, जुन्या सिस्टिमची प्रत आहे माझ्याकडं. परत घालून देते. कंपनीची दुरुस्ती मिळणार न्हाई, पण चालंल तोवर चालंल. ती आधीसारखी बोलंल. मी कुणाला सांगत न्हाई."

पद्माताईंनी कार्डाकडे पाहिलं. त्यांना आजची संध्याकाळ दिसली, उद्याची सकाळ दिसली. झोप लागली का म्हणून विचारणारं घरात कुणी नाही. आपणच बोलायचं आणि आपणच ऐकायचं. मुलीला रविवारी काय सांगायचं? हे कार्ड बोटाच्या नखाएवढं होतं आणि त्यात एक गोड बोलणारा नवरा होता.

पद्माताई बाबगोंडांकडे वळल्या. "जुनी घालू?"

बाबगोंडांचे डोळे उघडेच राहिले.

"मग नवी?"

तरी उघडेच.

"बघ," पद्माताई रुबिनाला म्हणाल्या, "हे असं. मुलीचं स्थळ ठरवताना असंच. हे घर बांधताना असंच. सगळं माझ्या गळ्यात घालायचं आणि मागाकडं बघत बसायचं." बोलता बोलता त्यांना राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं. राग करायला तरी समोर खरा माणूस होता. "मला यांना एक विचारायचंय. जुनी पेटी त्याचं उत्तर लगेच देईल, आणि गोडच देईल. ते नको मला. नवी घाल."

रुबिनाने नवी तार जोडली. पडद्यावरची सपाट रेघ थरथरली, उसळली. तिच्याखाली दुसरी, तिसरी. रुबिना वाकून पाहत राहिली.

"आलं बाई. बोलतायत ते. आत्ता काहीतरी बोलतायत."

"काय?"

"ते सिस्टिम बसल्यावर कळंल."

या वेळी नवी सिस्टिम शेवटाशी थांबली नाही. आत बसली आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला. अंदाज वापरायचा का? पुष्कळ, थोडा, की अजिबात नाही?

"अजिबात नाही," पद्माताई म्हणाल्या.

"लई हळू होईल ओ. एकेका शब्दाला वेळ लागंल. मधे तुम्ही बोलला तर ते परत पहिल्यापासनं."

"मी बोलणार नाही."

रुबिनाने त्यांच्याकडे असं पाहिलं की पद्माताईंना चौथीतली रुबिना आठवली. बाईंनी केलेलं गणित चुकलंय हे दिसत असून गप्प बसलेली. रुबिनाने पेटी पिशवीत ठेवली, हत्यारं गोळा केली, वाकून पाया पडली आणि दार लोटून गेली.

पद्माताईंनी स्टूल ओढून नवऱ्यासमोर ठेवलं.

"गाठ मला दाखवली का नाहीत? पिशवीत हात होता तुमचा. एकदा वर काढली असती, तर मला दिसली असती."

पेटीवरचा दिवा हिरवा झाला. आवाज नाही. बाबगोंडांच्या कपाळावर घाम दिसू लागला. मला त्रास नको म्हणून ना, हे वाक्य पद्माताईंच्या जिभेवर येऊन बसलं होतं. लग्न झाल्यापासून त्यांनी या माणसाची वाक्यं अशीच पुरी केली होती. पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोर, मुलीसमोर. आजारपणाच्या सुरुवातीला पाटी दिली होती त्यांच्या डाव्या हातात. तेव्हाही पहिलं अक्षर उमटलं की पद्माताई शब्द सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि ते डोळे मिटायचे. आता पद्माताईंनी जीभ दाताखाली धरली.

"तू," पेटी म्हणाली.

पद्माताई थांबल्या. खिडकीतून आलेलं ऊन स्टुलाच्या पायावरून फरशीवर उतरलं.

"हसायचीस."

आवाज तोच, लग्नातला. पण आता तो पंगतीतला वाटत नव्हता.

पद्माताईंनी पदराने डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावरही पदर तिथेच धरून ठेवला. "आणि ते उपीट? मी तुम्हाला रात्रीचं खायला घातलं. तुमचा नेम मोडला."

बराच वेळ गेला.

"थुंकलो. नंतर."

"मला दिसलं नाही."

"तू... त्याच्याशी... बोलत होतीस."

त्याच्याशी कुणाशी, हे त्यांना कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. खुर्चीत बसलेला हा माणूस दिवाळीपासून आपल्या बायकोला दुसऱ्याच कुणाशी तरी गप्पा मारताना ऐकत होता, त्याच्याच आवाजात. आणि गप्प होता.

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला. आधी." दिवा लुकलुकला. बाबगोंडांनी श्वास घेतला, पुन्हा जोर लावला. "मग... बरा बोलायचा तो. माझ्यापेक्षा."

"हो. बरा बोलायचा," पद्माताई म्हणाल्या. खोटं कशाला बोलायचं? "पण त्याला मी एवढं विचारलं नसतं."

बाबगोंडांचा चेहरा घामाने चमकत होता. पद्माताईंनी टॉवेलने तो पुसला. एवढ्याशा बोलण्याने माणूस पोतं वाहिल्यासारखा धापत होता, आणि दिवाळीआधी आपण त्याला दिवसभर बोलायला लावत होतो, हे त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं. ते कुणाला कळलं नाही, तेव्हा त्याने बोलायचं काम पेटीतल्या त्या दुसऱ्याच्या गळ्यात घातलं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "दमता ना? तार ठेवू की काढून टाकू? तुम्ही ठरवायचं. डोळे मिटून चालणार नाही या वेळी. मी काही सुचवत नाही."

आणि त्यांनी खरंच काही सुचवलं नाही. पलीकडच्या शेडमधून येणारा खडखडाट मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. बाबगोंडांनी डोळे मिटले नाहीत. दिवा हिरवा होता, विझला, पुन्हा हिरवा झाला.

"एक... पाळी... बोलीन."

पद्माताईंच्या तोंडून हसू फुटलं. कामाच्या पाळ्या ठरवताना शेडच्या मालकाशीही हा माणूस असाच बोलायचा. हुज्जत नाही, कारण नाही, एक पाळी म्हणजे एक पाळी.

"चालेल," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या पाळीला काय?"

यावर फार वेळ गेला. एवढा की त्यांना वाटलं, झालं आजचं, आता ते झोपतील. दिवस कलायला आला होता. जेवण तो मावळायच्या आत उरकायचं होतं. त्या उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवत होत्या, तेवढ्यात पेटी बोलली.

"गप... बसू."

"बरं. तुम्ही गप बसा. मी..."

"तूपण."

पद्माताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं.